सांभाळून ठेवलेला पासपोर्ट

प्रिय दादा,

तू वकील, म्हणून तुलाच लिहितेय. परदेशातून आलेल्या आमच्या स्वयंपाकीणबाई आमच्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि चक्क जिंकल्या! त्यांचा पासपोर्ट आमच्या कपाटात होता, एवढंच.

"मूलभूत हक्क म्हणे! ते सरकारनं पाळायचे, आम्ही काय सरकार आहोत?" मी कोर्टात ठणकावलं.

न्यायाधीश म्हणाल्या, "हक्क मालकिणीनंही पाळायचे असतात."

"अहो, सांभाळून ठेवला होता!"

"मग मागितल्यावर का दिला नाहीत?"



आज बाईंचा पासपोर्ट परत द्यायला ह्यांनी कपाटातला खण उघडला. खाली माझाही पासपोर्ट होता. मी हात पुढे केला.

"राहू दे, सांभाळून ठेवलाय," म्हणत ह्यांनी कुलूप लावलं.

दादा, हे पत्रही टपालात टाकायला ह्यांच्याकडेच द्यावं लागेल.

तुझी,
धाकटी