गुलाबी पाणी

मंगळवार, संध्याकाळ. साकोली.

किळस येऊन राहिली. रक्ताची नाही, त्याची सवय झाली. माझ्याच अक्षराची.

कमजोर हृदयाच्या मदतीले छातीत बसवायचा आमचा पंप आज सहा तास बकऱ्याच्या रक्तावर चालवला. मग ते रक्त नळीत घेऊन मशीनवर फिरवलं. लाल खाली बसून वर पिवळं पाणी याले पाहिजे, आलं गुलाबी. म्हणजे पंप रक्ताच्या पेशी चिरडून राहिला.

लॅबचे सर म्हणाले, "बकरा बिमार असन. तसंच लिहून टाक."

"सर, त्याच बकऱ्याच्या पंपात न टाकलेल्या रक्ताचं पाणी पिवळंच आहे."

"मग ते फेकून दे."

फेकलं. लिहिलं. काहून लिहिलं?

वापस येताना उद्याचं रक्त सांगाले खाटीक शंकरभाऊकडे थांबली. त्याच्या तोंडावर म्हटलं, भाऊ, तुमचा बकरा बिमार होता. त्याले लागलं. "बिमार? ताई, सकाळी माह्या हातातून सुटून हायवेपर्यंत धावला तो!" मग हळूच म्हणाला, "उद्या चांगला पाहून देतो."

मी हो म्हटलं! तेही गुलाबीच होणार, मले माहीत आहे.

आणि बकऱ्याच्या रक्तावर पास झाल्यावर हा पंप माणसाच्या छातीत जाणार. तिथं गुलाबी झालं तर सर काय लिहाले लावतीन?

तिथं तर सोपंच आहे. तो माणूस बिमारच असतो.