वाकडी किल्ली

९ ऑगस्ट, रविवार

चि. खटपट्या,

अनेक आशीर्वाद. थोरल्या बहिणीने आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिले. मनापासून किती दिले ते पत्र वाचून तूच ठरव. तुझा पत्ता आत्याकडून काढला. कुणाला सांगणार नाही अशी शपथ तिने तुझ्याजवळ घेतली होती म्हणे. तिच्या पोटात काय राहतंय!

आम्ही बरे आहोत. दुकान चालू आहे. यंत्रावर किल्ल्या मी काढते, कुलपं बाबा दुरुस्त करतात. शेजारच्या शिंपिणीकडे मे महिन्यात भरदुपारी चोरी झाली. मग सगळ्या गल्लीने आपल्याकडून भक्कम कुलपं बसवून घेतली. सगळ्या गल्लीने, म्हणजे आपलं घर सोडून. आपल्या दाराला तेच जुनं, खिळखिळं. शिंपीण एकदा केसातली पिन काढून म्हणाली, "ताई, उघडून दाखवू?" आणि दाखवलंच तिने. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मी बाबांना म्हटलं, "आता तरी बदला."

"बघू."

हे "बघू" मी सात वर्षं ऐकतेय. तू भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, "तुमच्यासारखा बाप असण्यापेक्षा नसलेला परवडला" म्हणून निघून गेलास, त्या दिवसापासून. जाताना घराची किल्ली तुझ्या खिशात गेली, म्हणून कुलूप बदलायचं नाही! सांगून सांगून तोंड दुखलं माझं. पालथ्या घड्यावर पाणी. औषधं मी आणायची, दुकान मी उघडायचं, त्यांचे गुडघे मी चोळायचे, आणि त्यांचा जीव अडकलाय कुठे, तर न आलेल्याच्या किल्लीत. चीड येते रे. येणारच.

आणि किल्ली तरी कसली! तू दहा वर्षांचा होतास. हट्ट धरून घराची किल्ली स्वतः कानशीने घासलीस आणि एक दाता नको तेवढा खाऊन टाकलास. ती लागेना, तेव्हा भोकाड पसरलंस. बाबांनी दुसरी किल्ली करून द्यावी की नाही? छे! त्यांनी कुलूपच दारातून काढलं, आतले खटके घासले आणि तुझ्या चुकलेल्या किल्लीने उघडेल असं करून परत बसवलं. दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना तुझ्या वाकड्या किल्लीच्या नकला मिळाल्या. माझी किल्ली मी तेराव्या वर्षी घासली होती, पहिल्याच झटक्यात बरोबर. ती मी शिवणाच्या डब्यात टाकून दिली. कुणी विचारलंही नाही. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला.

आता लिहायचं ते लिहिते. जूनमध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आठवडाभर दवाखान्यात होते. त्या आठवड्यात मी कुलूप बदललं. त्यांना न विचारता, दुकानातलं सगळ्यात भक्कम. कुलूप मी बदललं, खटपट्या. बाबांनी नाही. हे वाक्य परत एकदा वाच.

घरी आल्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून काठी घेऊन दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला लागले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

"तो आला आणि किल्ली लागली नाही तर?"

"बेल आहे ना दाराला!"

"बेल परक्यांनी वाजवायची."

"सात वर्षांत आलाय का तो?" मी ओरडले. सगळ्या गल्लीने ऐकलं असेल.

आणि मी हे ओरडले तेव्हा मला माहीत होतं, की तू येऊन गेलास. ऑपरेशनचं आत्याने तुला कळवलं असणार. गुरुवारी दुपारी मी दवाखान्यातून डबा न्यायला घरी आले होते, तेव्हा दारात किल्ली खरखरली. एकदा, दोनदा, तीनदा. तू कसा श्वास सोडतोस ते मला दाराआडूनही कळतं. माझा हात कडीवर होता. मी कडी काढली नाही. तू जिना उतरून गेलास, आणि मी डबा भरला.

तिसऱ्या दिवशी बाबांनी उठून नव्या कुलपावरून अंगठा फिरवला. "हे ओरखडे चुकीच्या किल्लीचे आहेत. तो येऊन गेला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू घरात होतीस?"

मी हो म्हटलं. वाटलं, आता तरी रागावतील. मला ते हवंच होतं. मग मीच सुटले. माझी किल्ली बरोबर होती, मी गेले नाही, माझ्यासाठी तुम्ही काय घासलंत, सगळं बोलून टाकलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पोरीसारखी रडत होते.

ते म्हणाले, "तुझा शिवणाचा डबा आण. आणि जुनं कुलूप."

माझ्याच हाताने त्यांनी ते परत बसवून घेतलं. मग म्हणाले, "आता तुझी लाव."

लागली रे! फिरली, अगदी सहज.

"तू किल्ली डब्यात टाकलीस, त्याच आठवड्यात केलं होतं. तू शाळेत गेली होतीस. दोन्ही किल्ल्यांना चालायचं म्हणजे कुलूप ढिलंच राहतं, त्याला इलाज नाही."

"मला सांगायचं तरी!"

"वाटलं, तू लावून बघशील."

मी विचारलं, तो तुम्हाला तसं बोलला, मी अशी वागले, तुम्हाला राग येत नाही?

"येतो की. तुझा आत्ताही आलाय." मग गुडघा दाबत म्हणाले, "सकाळी मी डोळे मिटून देवापुढे बसतो, तू हसतेस. मी तिथे कुठली सरळ किल्ली घेऊन जातो? तरी रोज उघडतं. मग आपल्या पोरांपुढे कडक कुलूप कुठल्या तोंडाने लावू?"

मला हे सगळं पटलंय असं समजू नकोस. तुझ्यावरची चीड तशीच आहे, आलास की आधी चार शब्द सुनावणार. बाबांची खुर्ची अजून दाराबाहेरच आहे. चालायला सांगितलंय डॉक्टरांनी, पण ऐकतील तर शपथ. त्यांना उठवणं माझ्याच्याने होत नाही, ते तूच येऊन कर.

कुलूप जुनंच आहे. तुझी वाकडी लागते, माझी सरळ लागते, शिंपिणीची पिनसुद्धा लागते. तरी या वेळी किल्ली काढू नकोस. नुसता उभा राहा.

त्या दुपारी दाराच्या आत उभी असलेली,
तुझी ताई