शहाडचं पाणी

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच दारात एक मुलगी. श्रिया नाव, डोंबिवलीची. उल्हास नदीवर पीएच.डी. करतेय. त्र्यंबकच्या जुन्या काचपट्ट्या, नदीतले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, माझ्याकडे असतील, असं तिला कॉलेजात कुणीतरी सांगितलं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या कामाची चौकशी करायला आलेलं हे पहिलंच माणूस! आधी चहा टाकला, मग कपाट उघडलं.

पेटीवरची धूळ तिनं स्वतःच्या ओढणीनं पुसली. तिथंच मला ती आवडली.

१० फेब्रुवारी

पुन्हा आली. दुपारभर बोलत बसलो.

नदीतल्या दगडावर तो तपकिरी, बुळबुळीत थर असतो ना, ते डायटम. एक प्रकारचं शैवाल. इतकं बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. प्रत्येकाला काचेचं कवच, झाकणासकट — कुंकवाच्या करंड्यासारखं. जीव जातो, कवच राहतं. आम्ही त्या काळी नुसती नावं लावायचो. कुठं कोणतं सापडलं, बस. श्रिया म्हणते, आता त्यावरून नदीची तब्येत कळते. काहींना स्वच्छ पाणीच लागतं, काही घाणीत फोफावतात. कोणते किती, ते मोजायचं. बाटलीतलं पाणी त्या दिवसापुरतं सांगतं, हा थर मागचे कित्येक आठवडे सांगतो.

"पूर्वीची नदी कशी होती, त्याचा पुरावाच नाहीये काकू. सगळे नुसतं सांगतात."

म्हटलं, माझ्याकडे आहे. घेऊन जा.

१२ फेब्रुवारी

पट्ट्या गेल्या. कपाटाकडे बघवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

श्रियाबरोबर शहाडला नदीवर गेले. ठाण्यातल्या नौपाड्यातून इतक्या लांब जाऊ नकोस, गुडघे दुखतील, असं सौमित्र फोनवर सांगत होता. लेकाचं ऐकलं नाही.

काठापर्यंत जलपर्णी. वास. श्रिया गमबूट घालून उतरली, वाहत्या पाण्यातला दगड उचलला आणि टूथब्रशनं घासायला लागली. अगदी त्र्यंबकसारखी.

तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरायचा. मी काठावर बाटल्यांना लेबलं लावत बसायचे. एक दिवस हातात दगड तसाच धरून म्हणाला, "तुझ्या घरी कधी येऊ विचारायला?" मी म्हटलं, आधी हात धू. मग दोघं हसत सुटलो. डब्यात थालीपीठ होतं. खाऊन तिथंच ओंजळीनं पाणी प्यायलो. पाणी इतकं नितळ, की त्याच्या पायाची बोटं मोजावीत!

श्रियाला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, घासत होती.

१७ फेब्रुवारी

गुडघे दुखतायत. सौमित्रला सांगणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

कल्याणला नदीसाठी सभा होती. मंडळींनी मला बोलायला बोलावलं — जुनी नदी पाहिलेली म्हणून. आयुष्यभर वर्गात बोलले, पण स्टेजवर त्र्यंबक बोलायचा, मी पहिल्या रांगेत. आज उभी राहिले. म्हटलं, चाळीस वर्षांपूर्वी शहाडला मी स्वतः ते पाणी प्यायलेय. निरोगी नदी होती, तिचे पुरावे आहेत, लवकरच समोर येतील. टाळ्या थांबेनात.

नंतर गंगुबाई म्हणून एक म्हातारी आली. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या नदीत मासेमारी. माझा हात धरून म्हणाली, "बाय, तू बोललीस तसाच पानी व्हता." दोघींचे डोळे भरले.

श्रिया मागे उभी होती. मोजणी सुरू झालीय म्हणाली, पुढं काही बोलली नाही. दमली असेल.

२४ फेब्रुवारी

पेपरात माझं बोलणं छापून आलंय. सौमित्रला फोटो पाठवला. त्र्यंबकला किती आवडलं असतं.

२ मार्च

श्रियाचा फोन नाही. मी केला, तर लॅबमध्ये आहे म्हणाली.

६ मार्च

श्रिया आली. चहा नको म्हणाली. जुन्या पट्ट्या मोजून झाल्या. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजल्या, सरांकडूनही तपासून घेतल्या. शहाडला तेव्हाही घाणीत वाढणारेच जास्त. आमचं लग्न ठरलं त्या वर्षीच्याच पट्ट्या त्या. पाणी नितळ होतं, निरोगी नव्हतं. सुखात होतो ते आम्ही.

"काकू, तुम्ही सभेत एवढं बोललात... हे लिहू का मी?"

पेपरातलं कात्रण घडी घालून ठेवलं. मग म्हटलं, लिही. आणि नमुने आम्ही दोघांनी गोळा केले, तेही लिही.