तिसरी ताडपत्री

सुर्ला, डिचोली
शुक्रवार, श्रावण

प्रिय गौरवी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरू नकोस. इथं सगळे बरे आहेत. परवा तू फोनवर विचारलंस, शेड विकायची की ठेवायची, एकदा काय ते सांगा. मी 'बघू' म्हटलं आणि फोन यशोदाकाकूकडे दिला. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, ''तुमी उलयनात म्हूण लोक तुमच्या माथ्यार बसतात.'' मी बोलत नाही हे खरंच; मला समोरच्या माणसाशी बोलणंही जड जातं, मग फोनवर काय बोलणार? तुझ्या बाबाची आणि माझी दोस्ती आणि भागीदारी इतकी वर्षं टिकली ते त्यामुळेच. खाणीवर, ट्रकांच्या धंद्यात, आरटीओत, सगळीकडे विठू बोलायचा आणि मी शेजारी उभा राहायचो. लोकांना वाटायचं मी फार विचार करतोय.

म्हापशाच्या माणसाला गोदामासाठी शेड हवी आहे. निम्मी शेड तुझी आणि तुझ्या आईची, सुमनवहिनींची, निम्मी माझी. तू म्हणालीस, यंदा बाबांचं वर्ष, घरी गणपती नाही, मग चवथीला गोव्यात येऊन काय करू, कागद पुण्याला पाठवा, मी सही करते. तुझं चुकीचं नाही. पण गेल्या रविवारी शेडमध्ये काय झालं ते आधी ऐक, मग ठरव. विकायची तर विकू. माझी सही मिळेल.

तू बाराव्यानंतर गेलीस तेव्हा शेड बंद होती. खाणी बंद पडल्या, आपले चारही ट्रक गेले, शेड तेवढी उरली. त्याच्या काही महिने आधी विठूनं पणजीला कुठंतरी एक हॉल बघितला. सकाळी तिथं मुलं चित्रं काढत होती, संध्याकाळी त्याच जागी लग्न. झालं! आपल्या शेडला मध्ये एकही खांब नाही, तेव्हा तिचं काहीही होऊ शकतं असं त्यानं ठरवलं. लोकांनी यायचं, स्वतःच्या हातांनी काहीतरी करून बघायचं, शिकायचं आणि खाऊन जायचं. भिंती घालायला मी विरोध केला म्हणून त्यानं ट्रकांच्या तीन जुन्या ताडपत्र्या वर गर्डरना गुंडाळून बांधल्या. दोरीला एक झटका दिला की ताडपत्री खाली येते आणि एका खोलीच्या दोन होतात. गाठ तीच, भरलेल्या ट्रकावर मारायचा ती. आमोण्याच्या धक्क्यापर्यंत सगळे खड्डे खाऊन सैल पडायची नाही आणि तिथं एका झटक्यात सुटायची. जमीन मात्र त्यानं सपाट करू दिली नाही. ट्रक धुतल्यावर तांबडं पाणी गटारात जावं म्हणून आम्ही तिला पश्चिमेकडे उतार ठेवला होता, तो तसाच आहे. विठू म्हणाला, ''उतार आसा तो बरो. लोक आपसूक फुडें सरतले.''

शिगमो झाला आणि पंधरवड्यात विठू गेला. एकही कार्यशाळा न होता.

पण त्यानं लोकांना शब्द देऊन ठेवले होते. विठूनं आयुष्यात काही लिहून ठेवलं नाही हे तुला माहीत आहे. कोणीही काहीही मागितलं की त्याचं उत्तर एकच, ''जातलें.'' होईल म्हणजे होईल. आषाढात पर्वरीहून सुविधा नावाच्या बाई आल्या. ध्यानाचं शिबिर घेतात. म्हणाल्या, श्रावणातला दुसरा रविवार विठूभाईंनी आम्हाला दिलाय. त्यांच्या मागोमाग नार्व्याचा रुद्रेश आला. चवथीच्या आरत्यांसाठी तो नव्या लोकांना चामडं ताणलेलं मातीचं घुमट वाजवायला शिकवणार होता. दिवस तोच. मग लाटंबार्शाची सोनाली आणि तिच्या गटातल्या बायका आल्या, शहरातल्या पाहुण्यांना हळदीच्या पानातल्या पातोळ्या शिकवायला. रविवार तोच. तिघांचंही वाक्य एकच, ''विठून उतर दिल्लें.'' आता गेलेल्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? मी मान हलवली. तिघांनीही ती 'हो' अशीच घेतली.

ही बातमी फुटल्यावर काय झालं असेल ते तुला सांगायला नको. अख्ख्या पंचायतीला विठूनं शब्द दिलेला निघाला. एकानं सांगितलं, शेडच्या छपरावर सुपारी वाळवायला देणार होता. एक बाई मुलाच्या लग्नाला हॉल मागायला आल्या. मुलगा आठवीत आहे. त्या म्हणाल्या, आत्ता नको, पण नंतर तुम्ही विसराल. शेवटी यशोदा म्हणाली, भावोजींनी मलाही शब्द दिला होता, हॉलासाठी मोठा मिक्सर घेतला की सणासुदीला तो आमच्या घरी. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. ''बघतात कितें? मेल्लो मनीस फट उलयना,'' म्हणाली. मेलेला माणूस खोटं बोलत नाही. बरोबर आहे, पण त्याच्या नावानं बाकीचे किती बोलतात!

तेव्हा मी एक खूण शोधून काढली. तुझ्या बाबाचा शब्द खरा असला तर त्याच्यात एक फुशारकी असतेच. फुशारकी मारल्याशिवाय त्यानं कधी कोणाला काही दिलं नाही. म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागलो, शब्द देताना विठू आणखी काय म्हणाला? सुपारीवाल्याला काही सांगता येईना. आठवीतल्या वरमाईलाही नाही. यशोदा आत निघून गेली. पण सुविधाबाई म्हणाल्या, ते म्हणाले होते की आमच्या शेडमध्ये इतकी शांतता आहे की पालीचा श्वास ऐकू येतो. आणि रुद्रेशला तो म्हणाला होता, माझ्या शेडमध्ये एक घुमट वाजलं तर तिकडे साखळी गावात लोक आरतीला उभे राहतील. शेड एकच! सोनालीला सांगितलं होतं, इथल्या पातोळ्या खाऊन पाहुणे परत जायला रस्ता विसरतील. तिघांचेही शब्द खरे होते. म्हणून तिघांनाही रविवार.

मी आखणी माझ्या परीनं नीट केली. खडूनं जमिनीवर रेघा मारल्या. ध्यानवाले जास्त, अठरा जण, म्हणून त्यांना पश्चिमेची मोठी जागा. पातोळ्या मध्ये, नळाजवळ. घुमट पूर्वेला, दाराशी. दोन ताडपत्र्या सोडल्या की तीन खोल्या. तिसरीची गरज नव्हती. ट्रिपा लिहायचा जुना फळा बाहेर टांगला आणि त्यावर तिन्ही नावं लिहिली. उताराचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं त्यावरून चालल्यावर मला तो सपाटच वाटतो.

रविवारी सकाळी सगळे जमले तेव्हा कोणीतरी मला माईक दिला. विठू असता तर अर्धा तास बोलला असता. मी म्हणालो, ''नमस्कार. चपला बाहेर.'' आणि खाली उतरलो. टाळ्या पडल्या. का पडल्या ते माहीत नाही.

ध्यानवाले सगळे पांढऱ्या कपड्यांत आले होते. सतरंजीवर डोळे मिटून बसले. मी पहिली दोरी ओढली. गाठ सुटली, अगदी विठूनं सांगितल्यासारखी, एका झटक्यात. पण ती ताडपत्री ट्रकावरची, आणि विठूनं ती झाडली नव्हती. कित्येक वर्षांची खाणीची धूळ घडीत बसलेली होती, ती सगळी खाली आली. धूळ बसल्यावर बघतो तर अठराच्या अठरा माणसं तांबडी. त्यांना डोळे उघडायचे नव्हते, म्हणून कोणी उघडले नाहीत. एक गृहस्थ तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, मॅडम, हे शिबिरात धरलेलं आहे का? सुविधाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी वर गर्डरकडे बघत होतो. मग त्या शांतपणे म्हणाल्या, पृथ्वीचा स्पर्श अनुभवा. बाई हुशार आहेत.

दुसरी ताडपत्री मी बाहेर झाडायची म्हणून आधीच सोडली असती तर बरं झालं असतं, पण ते तेव्हा सुचलं नाही. ती सोनालीच्या तांदळाच्या पिठावर पडली. बायकांनी वरचं पीठ काढून टाकलं आणि त्या माझ्याबद्दल काहीतरी बोलल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं. तेवढ्यात रुद्रेशच्या बाजूला घुमटं सुरू झाली. नवशिके दहा-बारा जण, प्रत्येकाचा ठेका वेगळा. पत्र्याचं छप्पर थरथरायला लागलं. साखळीत कोणी उभं राहिलं की नाही ते कळलं नाही, पण मधल्या खोलीत सोनालीनं सोलून रचून ठेवलेल्या नारळांचा ढीग हलला. एक नारळ सुटला. मग दुसरा. मी बघत होतो. ते मुळीच घाईत नव्हते. एकामागून एक उतारानं निघाले, ताडपत्रीखालून गेले आणि ध्यानात शिरले.

पलीकडे आधी एक किंकाळी ऐकू आली, मग दुसरी, मग सगळीकडून हसणं. मी ताडपत्री वर करून बघितलं तर ती तांबडी माणसं मांडीवर एकेक नारळ घेऊन बसलेली, आणि ते मघाचे गृहस्थ घुमटाच्या ठेक्यावर नारळावर बोटं आपटत होते. पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. ध्यानवाले नारळ परत द्यायला म्हणून आले ते खोवायलाच बसले. नारळ खोवायच्या आदोळीवर कसं बसायचं ते त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. सोनालीच्या बायकांनी त्यांना असं काही फैलावर घेतलं की बस. ''डॉक्टर मरे तूं? आनी नाल्ल खोवंक येना?'' घुमटवाल्यांना वास आला तसे तेही आले. पातोळ्या उकडून पानं उलगडली तेव्हा मधली ताडपत्री कोणीतरी बाजूला सारलेली, सगळे एकाच बाजूला बसले होते, पश्चिमेला, उताराच्या तळाशी. विठू म्हणाला तसे आपसूक पुढं सरलेले. पातोळ्या खाऊन जाताना दोन गाड्या खरोखरच रस्ता चुकून मये गावाच्या बाजूला गेल्या. मला वाटलं आता सुविधाबाई भांडतील. त्या म्हणाल्या, काका, पुढच्या वेळीही नारळांचा भाग ठेवा, फक्त ते थोडे हळू सोडा.

आता पुढच्या वेळची आखणी केली आहे. ध्यान उताराच्या वर, नारळ खाली आणि टोपलीत, घुमटं वेगळ्या दिवशी. ताडपत्र्या आधी बाहेर झाडायच्या. यशोदानं दारात बसून चपला बघायच्या आणि जमल्यास सगळ्यांशी बोलायचं. तिला ते आत्तापासूनच आवडायला लागलं आहे. माझं काम फळा लिहायचं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसलो. तो बाक तुला आठवत असेल, एक पाय आखूड असलेला. विठू त्या टोकाला बसायचा, मी या. आता मी एकटा बसलो की माझं टोक खाली जातं आणि दुसरं वर येतं. म्हणून मी मधोमध बसतो. मधोमध बसायची सवय नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सोडलेल्या दोन ताडपत्र्या मला परत बांधता येईनात. सोमवारी दिवसभर शिडीवर होतो. एकदा बांधली ती सुटेना, कोयत्यानं दोरी कापावी लागली. दुसरी बांधली ती मी खाली उतरायच्या आत माझ्यामागोमाग खाली आली. त्या गाठीकडे मी कधी नीट बघितलंच नाही, कारण विठू होता. तिसरी अजून वर आहे, त्यानं बांधलेली. म्हापशाच्या माणसाचा माणूस काल मापं घ्यायला आला होता. तिची दोरी खाली लोंबते, कापून टाका म्हणाला. मी 'नाही' म्हटलं. फार मोठ्यानं म्हटलं असेन, कारण यशोदा घरातून धावत आली. ती गाठ आता तुलाच येते. केबिनवर चढून तू बाबाबरोबर ताडपत्री बांधायचीस आणि खालून सुमनवहिनी ओरडायच्या, ते मला दिसतं आहे. म्हणून मी फळ्यावर लिहून टाकलं आहे, चवथीनंतरचा पहिला रविवार, ताडपत्रीची गाठ, शिकवणार गौरवी. नावं यायला लागली आहेत. ध्यानातले ते गृहस्थही आहेत. तुझ्याकडे गणपती नाही हे खरं, पण आमच्याकडे आहे, आणि तुझं ताट मांडलेलं असेल. शिकवून झालं की शेडचं तू म्हणशील तसं करू. तुला न विचारता फळ्यावर कसं लिहिलं म्हणशील. विठूनं मला शब्द दिला होता, की गौरवी येईल. शब्द देताना तो आणखी काय म्हणाला, हे मात्र विचारू नकोस.

तुझाच,
रामकाका