उलट्या नाहीत, डावखुऱ्या

आई, बाबा,

माझा डावा हात तुमचं काय खातो? मैत्रिणी म्हणाल्या, "घरी विचारून दाखव!" काल समोर बसून विचारायला जीभ रेटली नाही, म्हणून आज विचारतेय.

मी शाळेत चाललेय. मागच्या खोलीतल्या माझ्या गिटारला कुणीही हात लावायचा नाही, चिकटवायला लावलेला सरस अजून ओला आहे. आई, कपड्यांचे सगळे चिमटे तिच्या कडांना लावलेत. दोरीवरचे कपडे उडाले तर आल्यावर गोळा करीन, शिव्याही तेव्हाच खाईन.

बाबा, आता तुमच्यासाठी. काल वरच्या फळीची आतली बाजू बघून तुम्ही म्हणालात, "पोरी, पट्ट्या उलट्या चिकटवल्यास की! उद्या उचकटून नीट करून देतो." तुम्ही पक्के सुतार, मान्य. पण त्या उलट्या नाहीत, डावखुऱ्या आहेत. मी डाव्या हाताने छेडणार, म्हणून तारा उलट्या क्रमाने लागणार आणि त्यांना तोलणाऱ्या पट्ट्याही आरशात दिसाव्यात तशा. दुकानात एकही गिटार माझ्या हाताची मिळाली नाही, म्हणून तर सहा आठवडे स्वतः गिटार बनवायचा हा खटाटोप चाललाय. तेव्हा उचकटायची पटाशी पेटीतच राहू द्या.

माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात दिलीत, तेव्हा मी चार वर्षांची होते. आता नाही.

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत ना? सवय करून घ्या. ही चिठ्ठी डाव्या हाताने लिहिलीय, आणि आजपासून शाळेतही मी त्याच हाताने लिहिणार आहे.