चौदा नंबरचं रक्त

३ मार्च, सोमवार

तीनशे अठ्ठ्याऐंशी! काल सत्त्याऐंशी होते. दात घासायच्या आधी बघितलं. म्हणजे जगात कुठेतरी आणखी एकाने आपल्या लेखात माझ्या एचआयव्हीच्या पेपरचा दाखला दिला. बरं वाटलं. मग दिसलं की त्याने माझं आडनाव चुकवलंय. मोजताना तेही धरतात.

नवरा चहा ओतताना रोज विचारतो, "किती?" — तापाचा आकडा विचारावा तसा. सांगितलं. म्हणाला, अजून उतरत नाही म्हणायचा.

अठ्ठावीसला प्रोफेसरपदाची मुलाखत. अर्जात एक चौकट आहे — आजवरचे एकूण दाखले. पाचशे सतरा लिहिले. सव्वीस वर्षांची नोकरी, बावीस पेपर, आणि त्यातले तीनशे अठ्ठ्याऐंशी एकाच पेपरचे. बाकीचे एकवीस म्हणजे लग्नाच्या फोटोतली मागची रांग. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. ही शेवटची संधी, आणि मला ते पद हवंय. इथे तरी खरं लिहायला हरकत नाही.

४ मार्च, मंगळवार

मुलाखतीची तयारी म्हणून स्वतःचाच पेपर वाचला. अकरा वर्षांपूर्वीची मी फारच ठामपणे बोलत होते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारी एक बाई, अभ्यासातला क्रमांक चौदा. अंगात एचआयव्ही, पण दोन वर्षं रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडला नाही. औषध: काहीही नाही. म्हणजे शरीर स्वतःच विषाणूला आवरून बसलंय! अशी माणसं हजारात एखादी. ती एखादी मला मिळाली होती.

६ मार्च, गुरुवार

दूरच्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंची मेल. त्यांना चौदा नंबरवर पुढचं काम करायचंय. फार नम्रपणे विचारलंय — रुग्ण औषध घेत नव्हती, हे तुम्ही कशावरून ठरवलं?

कशावरून म्हणजे? तिला विचारलं होतं. फॉर्मवर प्रश्न आहे, पुढे "नाही" वर खूण आहे.

तरी उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये चौदा नंबरच्या दोन नळ्या आहेत. त्यातली एक शेजारच्या इमारतीत पाठवली. तिथे रक्तातली औषधं मोजायचं नवं मशीन आलंय. बाईंचं तोंड एकदाचं बंद होईल.

११ मार्च, मंगळवार

तीन औषधं. तिन्ही एचआयव्हीची.

१२ मार्च, बुधवार

दुसरी नळीही पाठवली. तीच तीन. मशीनवाला कौतुकाने म्हणाला, पेशंट फार शिस्तीचा दिसतो, एक गोळी चुकवलेली नाही.

म्हणजे विषाणूला आवरलं ते गोळ्यांनी. गोळ्या तेच करतात, तेवढ्यासाठीच त्या असतात. माझा शोध असा की औषध घेतलं की औषध लागू पडतं. तीनशे अठ्ठ्याऐंशी दाखले!

१४ मार्च, शुक्रवार

सिस्टरकडे गेले. त्या अभ्यासाचे सगळे फॉर्म तिने भरले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मटार सोलत बसली होती. भिंतीवर माझ्या पेपरचं शेवटचं पान फ्रेममध्ये. तिथे आभारात तिचं नाव आहे, म्हणून तेवढंच पान. बाकीचा पेपर तिने पाहिलेला नाही.

चौदा नंबर म्हटल्यावर तिला लगेच आठवलं. फॉर्म भरताना सासू शेजारच्या खुर्चीत बसली होती. औषध घेता का? बाई म्हणाली, नाही. मग हात धुवायच्या निमित्ताने सिस्टरच्या मागे आली आणि सगळं सांगितलं. तिला तिच्या बाळंतपणात कळलं होतं, नवऱ्याची तपासणी व्हायच्या तीन वर्षं आधी. दुसऱ्या गावाच्या केंद्रात, दुसऱ्या नावाने गोळ्या घेत होती. व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवायची. घरात आधीची तारीख कळली असती, तर रोग तिनेच आणला असं ठरलं असतं. सिस्टरने शपथ घेतली आणि पाळली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तुम्ही रक्त तपासत होतात, मॅडम. मला वाटलं, त्यात दिसलंच असेल."

आम्ही विषाणू मोजत होतो. औषध कोणी मोजलंच नाही, कारण फॉर्मवर "नाही" होतं. मी हे तिला समजावायला लागले आणि मध्येच थांबले.

मग ती म्हणाली, "आणि शेवटच्या भेटीत तुम्हीच तिला म्हणालात ना, तुम्हाला औषधाची गरजच नाही? मला वाटलं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, म्हणून गोळ्या बंद करताय."

म्हणाले होते. अगदी हेच शब्द. हात हातात घेऊन म्हणाले होते, तुमचं शरीर फार भारी आहे. मला वाटत होतं, मी तिला बक्षीस देतेय.

त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. दोघी मटार सोलत बसलो. मला सोलता येत नाहीत, निम्मे जमिनीवर गेले.

१५ मार्च, शनिवार

माझ्या सांगण्यावरून तिने गोळ्या सोडल्या असतील, तर अकरा वर्षांत काय होतं, हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. फळ्यावर आलेख काढून.

सिस्टर तिला शोधणार आहे. क्रमांकांसोबतची नावांची यादी नियमाप्रमाणे कधीच नष्ट केली. नाव फक्त सिस्टरच्या डोक्यात आहे. मी विचारलं नाही. बरोबर येते म्हटलं तर म्हणाली, तुम्ही नका येऊ, गाडीतून डॉक्टर उतरला की गल्लीभर होतं.

१७ मार्च, सोमवार

साहेबांना सांगितलं. विभागप्रमुख माणूस, आधी दार लावलं. म्हणाले, पेपर मागे घ्यायलाच हवा, प्रश्नच नाही. फक्त अठ्ठावीसनंतर. "अकरा वर्षं थांबलाय, अकरा दिवस थांबेल."

मला ते पटलं. खोटं कशाला लिहू? जिना उतरताना हलकं वाटत होतं.

१९ मार्च, बुधवार

दाखले वाचायला घेतले. इतकी वर्षं नुसते मोजले होते. माझ्यावर विसंबून कोणी रुग्णांची औषधं थांबवली का, ते बघायचं होतं. दोन दिवसांत एकशे चाळीस झाले. जवळजवळ सगळ्यांनी पहिल्याच परिच्छेदात, आणखी तिघांसोबत, एका कंसात उरकलंय. पेपर कोणी वाचल्याचं लक्षण नाही. अपमान वाटला, आणि जीवही भांड्यात पडला.

नवऱ्याला सगळं सांगितलं. मग त्याने विचारलं की सिस्टरचा काही फोन? "किती?" विचारलं नाही.

२० मार्च, गुरुवार

तीनशे एक्क्याण्णव. हा एक्क्याण्णवावा मात्र वाचणारा निघाला. सगळा वाचलाय, तक्त्यांसकट. आडनावही बरोबर. शेवटी लिहितो — अशा रुग्णांना औषध उशिरा सुरू करता येईल का, याचा विचार व्हावा.

चहाच्या आधी, माझा पेपर छापला होता त्या पत्रिकेच्या संपादकांना मेल पाठवली. पेपर मागे घेत आहे. चूक माझी: रुग्णेला एकटीला विचारलं नाही आणि रक्तात औषध तपासलं नाही. त्या लेखकालाही लिहिलं, आणि दूरच्या बाईंनाही. मग अर्जातला आकडा बदलून पाठवला. एकशे एकोणतीस.

साहेबांना कळवलं. म्हणाले, निदान विचारायचं तरी होतंस. म्हटलं, विचारलं होतं, तुमचं उत्तर आवडलं म्हणून तीन दिवस गेले.

२४ मार्च, सोमवार

सिस्टरचा फोन. जुन्या पत्त्यावर दुसरंच कुटुंब राहतंय. नवरा वारला, सासूही. बाई मुलीला घेऊन कुठे गेली, कोणाला माहीत नाही. जेवले नाही.

२८ मार्च, शुक्रवार

मुलाखत. पाच जण, एक पंखा. अध्यक्षांनी चौदा नंबरच्या पेपरबद्दल माझं अभिनंदन केलं. त्यांनी स्वतः तीनदा दाखला दिलाय. म्हटलं, तो मागे घेतला. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितले.

"मग उरलं काय?"

"एकशे एकोणतीस."

एका सदस्याने पाणी मागवलं. औषधासारखं सगळ्यांनी थोडं थोडं घेतलं. सात मिनिटांत बाहेर.

२ एप्रिल, बुधवार

नाही झालं. पत्र तीन ओळींचं, त्यातही आडनाव चुकलंय. वाईट वाटलं, वाटणारच. संध्याकाळी नवऱ्याने माझ्या खोलीतलं कपाट उगाचच आवरलं.

पत्रिकेने पेपरवर लाल अक्षरांत "मागे घेतला" असं छापलं. आज दाखले: तीनशे चौऱ्याण्णव. लाल अक्षरंही कोणी वाचत नाही.

त्या लेखकाचं उत्तर आलं. आपलं ते वाक्य तो काढून टाकतोय.

सिस्टर आता केंद्रांमधून विचारतेय. तिथल्या जुन्या मैत्रिणी एकेक करून गाठतेय. मी फोन उशाशी ठेवते. मेली असेल, तर कळायला हवं. आणि कळू नये, असंही वाटतं.

९ एप्रिल, बुधवार

सापडली. जिवंत. शिवणाचे क्लास घेते, मुलगी कॉलेजात. गोळ्या एक दिवस सोडल्या नाहीत. गाव बदललं म्हणून केंद्र बदललं, इतकंच. सिस्टरने विचारलं, अगं, मॅडम तर म्हणाल्या होत्या की गरज नाही? ती म्हणाली, "त्यांना कुठे माहीत होतं मी गोळ्या घेते ते? म्हटलं, आनंदात आहेत, असू देत. घरी जाऊन गोळी घेतली."

फोन ठेवून रडले. नवरा चहा घेऊन आला, माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. काय विचारावं ते सुचेना, म्हणून सवयीने म्हणाला, "किती?"

म्हटलं, एक.