काकीच्या हातच्या दशम्या

उज्ज्वला,

पूनमची आजबी मॅच आहे म्हून तिले घेऊन पहिल्या एसटीनं वणीले चालली. हॉटेलात खाऊ नका, घरचाच डबा न्या, वाचलेल्या पैशात पोरीले कबड्डीचे बूट येतीन, हे डोकं तुहंच. कबूल आहे. पण पोरगी दिवसभर मले, आपल्या आईले, ‘याडी, याडी’ करत माह्या मागं फिरते अन् डबा मांगते काकीच्या हातचा.

काल मैदानावर तुह्या हातच्या दुधातल्या दशम्या सगळ्या पोरींनी बोटं चाटून खाल्ल्या. त्याइच्या आयांनी विचारलं, कोणं केल्या? माह्या तोंडून निघून गेलं, मीच. पूनमनं घास तसाच हातात धरून माह्याकडे पाह्यलं.

आजच्यासाठी त्याइनं चाळीस सांगतल्या. मी पहाटे करून पाह्यल्या, त्या चुलीजवळ झाकून आहेत, म्हशीले टाकजो. तुह्या हातच्या करून, जवसाच्या चटणीसंग, अकराच्या गाडीनं शामभाऊजीजवळ पाठवजो.

तू मात्र येऊ नको. तुले पाहून पूनम धावत तुह्याकडेच येईन, अन् ते मले आज पाहवणार नाही.

तुही मोठी जाऊ,
बबिता